दुहेरी कल्हई

"आधी ही बरणी धरा, मग मला आत या म्हणा," हिरेमठबाई दारातूनच म्हणाल्या.

डिसेंबरातली सकाळ होती. बाई सुती साडीत कुडकुडत उभ्या होत्या आणि त्यांचा स्वेटर हातातल्या काचेच्या बरणीनं घातला होता. मी बरणी घेतली. आत पांढुरकं, पातळ ताकासारखं काहीतरी हिंदकळत होतं.

"थंडी यांना बाधते," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

"यांना म्हणजे?"

"जंतूंना."

"किती आहेत आत?"

"एका चमच्यात साधारण पाचशे कोटी."

"म्हणजे सगळं जग."

"हो. पण हे कामाचं आहे."

एरवी या वाक्यावर मी महिनाभर जगलो असतो. गावच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी माझं विनोदी सदर यायचं. पोटासाठी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. कांसेवाडीत ज्याची मी टिंगल केली नाही असा माणूस नव्हता, आणि ती वाचून ज्यानं मला बोलावून चहा पाजला नाही असाही नव्हता. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कुंदा हिरेमठांना 'जंतूबाई' हे नाव मीच दिलं होतं. ते इतकं रुळलं, की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं पत्ता शोधायचा. बाईंनी मात्र मला चहा पाजला नव्हता. आज त्या जग घेऊन आल्या होत्या.

तेवढ्यात आतून वेणू ओरडली. पोटात कळ आली की ती आधी ओरडायची आणि मग उशी चावत गप्प पडून राहायची. आम्हाला ते ओरडणं परवडायचं. गप्प राहणं नाही.

वेणू माझी मुलगी. वय वर्षं सात. गणपतीत तिनं मंडळाच्या स्टेजवर सातचा पाढा सुलटा म्हटला, मग उलटा म्हटला, आणि टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा सुलटा म्हटला. दिवाळीपर्यंत तोच पाढा सात चोक अठ्ठावीसला येऊन अडायला लागला. पुढे पोरगी नुसती बघत राहायची, जिन्याची पुढची पायरी कुणी काढून नेल्यासारखी. मग भूक गेली. मग रंग गेला. जंताचं औषध झालं, लिव्हरचं टॉनिक झालं, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. मी या सगळ्यावर एक बरा लेखही लिहिला. शेवटी डॉक्टर शेंडुऱ्यांनी तिचं रक्त पुण्याला पाठवलं आणि कागद आला. रक्तात शिसं. दहाच्या आत हवं, ते सेहेचाळीस होतं.

शिसं कुठून आलं, हे शोधायला आम्हाला फार डोकं लागलं नाही. ओढ्यापलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी एक शेड होती. आमच्या आळीच्या विहिरीचं पाणी बाईंनीच तपासून आणलं. त्यात शिसं निघालं, मर्यादेच्या दीडपट. झालं. मी शेडवर मोर्चा नेला, लागोपाठ तीन शुक्रवार शेडमालकाची सालटी काढली, तहसीलदारांनी शेडला कुलूप लावलं. गाव म्हणालं, मास्तर, लेखणी असावी तर अशी. मलाही तसंच वाटत होतं. फक्त वेणूचं पोट दुखायचं थांबलं नव्हतं.

"मूळ बंद झाल्याशिवाय औषध देऊन उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले होते. "आणि आकडा अजून चढला तर मात्र पुण्याला नेऊन इंजेक्शनं. तिथेही खात्री नाही, हात जोडूनच जायचं."

हिरेमठबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या माझ्या बायकोच्या, शैलाच्या, पुढ्यात पाटावर बसल्या आणि वर्गात शिकवावं तसं सांगू लागल्या.

"हे दह्याचेच जंतू आहेत. पण सहा वर्षं मी यांना निवडत आणलंय. यांच्या अंगाला शिसं चिकटतं. कुत्र्याच्या अंगाला गोचीड चिकटते ना, तसं. विहिरीचं पाणी काचेच्या पिंपात घालून यांना त्यात सोडलं, दुसऱ्या दिवशी गाळून पाहिलं. शिसं जवळजवळ नाही. ते पाणी मी रोज दोन कॅन पाठवते. वेणूनं तेच प्यायचं, स्वयंपाकही त्यातच. आणि याचं दही लावा. तीन वेळा ताक द्या. तिच्या पोटात जे शिसं जाईल ते हे धरतील आणि बाहेर घेऊन जातील."

"आणि नाही धरलं तर?" शैलानं विचारलं.

"तर तिनं ताक प्यायलं असं होईल. दोन महिने मी स्वतः पितेय."

शैलानं माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईची आम्ही सहा वर्षं टिंगल केली, तिच्या हातात पोरगी द्यायची का, असा तो प्रश्न होता. दुसरा हात कुठे दिसत नव्हता. मी मान हलवली.

"दही कशात लावू?" शैलानं विचारलं.

"घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं असेल त्यात," बाई म्हणाल्या आणि स्वेटर न घेताच कॉलेजला पळाल्या.

आता सगळ्यात स्वच्छ भांडं म्हणजे काय, हे कांसेवाडीत कुणी कुणाला विचारत नाही. आमचं गावच भांड्यांचं. पितळेचं पातेलं आणि त्याला आतून ताजी कल्हई, याहून स्वच्छ जगात काही नाही. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हिरवा पडतो, माणूस ओकून बेजार होतो. हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. पण तोवर बहुतेक घरांत स्टील शिरलं होतं. मी त्या वर्षीच्या पाडव्याला 'स्टीलचा संसार' नावाचा लेख लिहून या घरांची रेवडी उडवली होती. स्टीलच्या ताटात जेवताना आपलं ऑपरेशन चाललंय असं वाटतं, वगैरे. लेख इतका गाजला, की माझ्या घरात स्टीलचा चमचा आणायचीही सोय उरली नाही. शैलाला लग्नात आलेले स्टीलचे डबेही मी वाटून टाकले होते. टिंगल करणाऱ्या माणसाला आपल्या टिंगलीशी फार प्रामाणिक राहावं लागतं.

तेव्हा त्याच दुपारी रंगनाथ कल्हईवाला आला. वेणूचा रंगूमामा. शैला दर भाऊबीजेला त्याला ओवाळायची. गावात स्टील आल्यापासून त्याच्या भात्याला काम उरलं नव्हतं. आमचं घर म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दर दोन महिन्यांनी अख्खा भांड्यांचा ढीग. अंगणात खड्डा करून त्यानं कोळसे पेटवले. वेणू शालीत गुंडाळून त्याच्या शेजारी बसली. ती नेहमीच बसायची, अगदी धुरात नाक खुपसून.

"रंगूमामा, चांदी कर."

"करतो की. तू डोळे मिट."

तिनं मिटले. पातेलं तापून लाल झालं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकली, कापसाचा बोळा गरकन फिरला, आणि काळवंडलेल्या पातेल्याच्या पोटात चंद्र उगवला. पाण्यात बुडवताना चर्र झालं तशी वेणूनं डोळे उघडले. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली.

"ह्यातलं दही खा," रंगू म्हणाला. "घोड्यासारखी पळशील."

त्या संध्याकाळी शैलानं जंतूबाईंचं विरजण त्या चंद्रात लावलं. सकाळी दही असं लागलं होतं, की सुरीनं कापावं.

पुढचे सतरा दिवस आमच्या घरात शिस्त होती. ही गोष्ट आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंद करण्याजोगी होती. रोज सकाळी बाई सायकलच्या दोन बाजूंना दोन कॅन लटकवून यायच्या. वेणूच्या तोंडात त्या पाण्याशिवाय दुसरं पाणी गेलं नाही. दात घासायलाही तेच. ताक तीन वेळा. ती नको म्हणाली की मी माकड व्हायचो, तहसीलदार व्हायचो, शेडमालक व्हायचो. हसता हसता वाटी रिकामी व्हायची. चांगली दाट, आंबट वाटी. कधी कधी मी चौथीही पाजली.

आठव्या दिवशी ती शैलाला आई म्हणायच्या ऐवजी नुसतं "ए" म्हणाली. बाराव्या दिवशी तिच्या हातून पेन्सिल गळली, आणि ती उचलायची असते हे तिला सुचलं नाही.

"वेळ लागतो," बाई म्हणायच्या. पण आता त्या पाटावर बसत नव्हत्या. उभ्यानंच बोलून निघून जायच्या.

अठराव्या दिवशी दुपारी तीनला मी तिला तिसरी वाटी पाजत होतो. मी तहसीलदार झालो होतो. वेणूचे डोळे वर गेले, जबडा आवळला, वाटी तिच्या दातांत अडकली, आणि ती माझ्या मांडीवर धनुष्यासारखी ताणली गेली. मला वाटलं ती हसते आहे. दोन क्षण मी तहसीलदारच राहिलो. ते दोन क्षण अजून सरलेले नाहीत.

डॉक्टर शेंडुरे धावत आले. इंजेक्शन देऊन झटका थांबवला. मग खिशातून त्यांनी एक कागद काढला. दुसऱ्यांदा पाठवलेल्या रक्ताचा तो रिपोर्ट होता, ते तोच द्यायला निघाले होते.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "गाडीची सोय करतो. आजच पुण्याला."

हिरेमठबाई तेवढ्यात दारात आल्या. कुणीतरी कॉलेजात सांगितलं असावं, हातात खडू तसाच होता. शैला उठली आणि तिनं बाईंचा दंड धरला. मी शैलाला इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काय पाजलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

बाईंनी वेणूकडे पाहिलं.

"सेहेचाळीसाचे अडुसष्ट झाले. तुमचं पाणी, तुमचं ताक. तिसरं काही तिच्या पोटात गेलं नाही. सांगा ना, काय होतं त्यात?"

"ताक कुठाय?" बाई कशाबशा म्हणाल्या. "मला... मला बघू दे. मास्तर, माझं चुकलं असेल तर मीच सांगेन. मला बघू दे."

मी स्वयंपाकघरातून पातेलं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. तळाशी सकाळचं दही होतं. बाईंनी दह्याकडे पाहिलंच नाही. त्या पातेल्याकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"सगळ्यात स्वच्छ भांडं," मी म्हणालो.

बाईंनी बोटानं काठावरचं दही पुसलं. खाली कल्हई होती, पण चंद्र गेला होता. दही जिथवर असायचं तिथवर ती करडी, खरबरीत झाली होती. वरची मात्र अजून चकाकत होती.

"व्हिनेगर आहे घरात? नाहीतर लिंबू."

लिंबू होतं. बाईंनी रसात कापूस भिजवून तो वरच्या चकचकीत भागावर दाबून धरला. आम्ही सगळे बघत बसलो. वेणूचा श्वास घरघरत होता. दहा मिनिटांनी बाईंनी पर्समधून एक छोटी बाटली काढली. ते द्रावण विहिरीच्या तपासणीपासून त्यांच्या पर्समध्येच असायचं. कापसावर त्यांनी एक थेंब सोडला.

कापूस पिवळा झाला. हळदीकुंकवाला बोट ओढावं तसा, गडद आणि मंगल पिवळा.

"शिसं," बाई म्हणाल्या.

"कल्हई कथलाची असते," मी म्हणालो. गावातल्या कुठल्याही माणसानं हेच म्हटलं असतं.

"ही नाहीये." बाई खाली बसल्या. "मास्तर, जंतूंनी काम केलं. जेवढं धरता आलं तेवढं धरलं त्यांनी. पण दही आंबट असतं. त्यांच्याच आंबटानं भांड्यातलं शिसं सुटत होतं, रोज, आणि ते धरून धरून किती धरणार?" मग त्या एकदम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कशात लावू, असं तिनं मला विचारलं होतं. मी बघायला नको होतं का? नुसतं आत जाऊन बघायला?"

मग सगळं माझ्या डोक्यात एकापुढे एक येऊन उभं राहिलं. विहिरीचं पाणी अख्खी आळी प्यायची, आणि आजारी माझीच पोर पडली होती. आमटी, चिंचेचं सार, ताक, टोमॅटोचं कालवण, वर्षभर सगळं कल्हईत. कारण माझ्या घरात स्टीलला बंदी होती.

रंगू आला तो असा मधेच. झटक्याची बातमी ऐकून आला होता. खिडकीतून वेणूला बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, काय झालं गं पोरीला?"

"रंगू, कल्हईत काय घालतोस?" मी विचारलं.

"कथील."

"आणि?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. "हल्ली चांगलं कथील कुठं मिळतंय, मास्तर. मिळालं तर झेपत नाही. शेडवाला स्वस्तात धातूची अर्धी लगड द्यायचा, ती मिसळतो. पांढरीच असते की. चकाकते पण तशीच. धरते तर कथलापेक्षा घट्ट." मग त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडा अभिमानही होता. "पण तुमच्या दह्याच्या पातेल्याला मी हात आखडता घेतला नाही. लेक आजारी, तिचं औषध त्यात लागायचं. एरवी एक थर देतो. ह्याला दुहेरी दिला."

बाईंनी पिवळा कापूस त्याच्या हातात ठेवला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. रंगू तो कापूस बघत राहिला. मग तो अंगणात गेला, जिथे खड्डा करून भट्टी लावायचा तिथे उकिडवा बसला, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारायला लागला. मी जाऊन त्याचे हात धरले. ते धरण्याइतकी माझी लायकी नव्हती, पण जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"अजून कुणाकडे केलीस?" मी विचारलं.

"सात घरं," तो म्हणाला. "स्टीलवाली होती सगळी. तुमचा लेख आला आणि त्यांनी माळ्यावरचं पितळ खाली काढलं. मास्तर, तुमच्या कृपेनं मला वर्षभर काम..." तो तिथेच थांबला.

डॉक्टरांची गाडी दारात लागली. वेणूला पांघरुणात गुंडाळून शैलानं मांडीवर घेतलं. बाई पुढे बसल्या, दवाखान्यात काय काय सांगायचं ते त्यांना ठाऊक होतं. मी आत एक पाय टाकला. शैलानं दार धरलं.

"तुम्ही मागून या."

"शैला, अगं..."

"सात घरांत पोरं आहेत. आता संध्याकाळ होईल. सगळीकडे विरजण लागेल." ती माझ्याकडे बघत नव्हती, वेणूकडे बघत होती. "लिहिलंय तुम्ही. सांगायलाही तुम्हीच जा."

बाईंनी गाडीच्या खिडकीतून ती छोटी बाटली माझ्या हातात दिली. गाडी गेली. तिच्या मागे मी किती वेळ उभा राहिलो ते रंगूला माहीत. त्यानंच मला दंडाला धरून चालतं केलं.

पहिलं घर चौगुले वकिलांचं. ओसरीवर वकील, त्यांची आई, दोन नातवंडं, सगळी मंडळी होती.

"या मास्तर! आज कोणाचा नंबर?"

"वकीलसाहेब, तुमच्या पितळेच्या भांड्यांत विष आहे," मी म्हणालो. "माझ्या लेखामुळे तुम्ही ती काढलीत. वेणूला त्यानंच झटका आला. भांडी आत्ता बाहेर काढा."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग त्यांच्या आईचं. "पाडव्याला स्टील वाईट, आणि आता पितळ वाईट!" वकील डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या पाडव्याला काय, पत्रावळी? अहो, चेहरा काय सरळ ठेवलाय बघा! शुक्रवारी येतंय ना हे?"

मी पुन्हा सांगितलं. ते आणखी हसले. मला रडू फुटलं, तसे नातवंडांनी टाळ्या पिटल्या. वीस वर्षं मी या गावाला शिकवलं होतं, की मास्तर तोंड पाडून बोलायला लागला की हसायचं. गाव माझ्यापेक्षा चांगलं शिकलं होतं.

आतून सूनबाई नातवासाठी ताकाचा पेला घेऊन आल्या. रंगू पुढे झाला. तो आयुष्यात कधी त्या ओसरीची पायरी चढला नव्हता. त्यानं पोराच्या ओठाजवळचा पेला काढून घेतला आणि अंगणात ओतला.

"मास्तर हसवत नाहीयेत," तो म्हणाला. "शिसं मी घातलंय. मला मारा पाहिजे तर. पण आधी ते पातेलं आणा."

पातेलं आलं. लिंबू आलं. दहा मिनिटं मी रसाचा कापूस कल्हईवर दाबून धरला. मी थेंब सोडला आणि कापसाकडे बघायच्या ऐवजी वकिलांच्या आईच्या तोंडाकडे बघितलं. ते हसू कसं गेलं, ते मी बघितलं.

अजून सहा घरं होती. सगळीकडे आधी हसले.

वेणू महिनाभर पुण्याला होती. वाचली. सातही घरांतली पोरं वाचली, फक्त दोघांना इंजेक्शनं घ्यावी लागली. रंगूनं भाता विहिरीत टाकला आणि बाईंच्या प्रयोगशाळेत काचेची पिंपं धुवायला लागला. त्याच पिंपांतून आळीला चार वर्षं पाणी मिळालं. त्या शुक्रवारी माझं सदर आलं नाही. नंतरही नाही. लोक म्हणाले, मास्तर आटले.

आज वेणू छत्तीस वर्षांची आहे. शिवणाचं दुकान चालवते, हात चांगला आहे, बोलते कमी. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. जंतूबाई वारल्या. त्यांचं विरजण आमच्याकडे आहे. रोज संध्याकाळी वेणू दूध कोमट करते, बोट बुडवून बघते, काचेच्या बरणीत ओतते, वर एक चमचा कालचं दही. थंडीत बरणीला स्वेटर घालते. तो बाईंचाच आहे, परत द्यायचा राहून गेला.

परवा तिच्या मुलीचा अभ्यास चालला होता. तिसरीत आहे ती.

"आई, सातचा पाढा म्हणून दाखव ना."

वेणू बरणीवर झाकण ठेवता ठेवता म्हणायला लागली. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस.

मग ती थांबली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, पुढचं तुम्ही सांगा."

मला येतो तो पाढा. सात घरं मला एकेक करून पाठ आहेत. पण माझ्याही तोंडून पुढचं आलं नाही. पोरीला वाटलं, आजोबा गंमत करतायत. ती खुदकन हसली.